पाईपलाईनची पाण्याने दाबचाचणी

अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिण भागातील कर्जत तालुका हा अवर्षणप्रवण प्रदेश होय. या तालुक्यातील मिरजगाव व त्याच्या आसपासच्या गावांत शेती मुख्यतः विहिरीच्या पाण्यावर आणि पावसाच्या भरवशावर चालते. जवळच निमगाव गांगर्डे येथे सीना नदीवर धरण असले, तरी ज्या शिवारास कालव्याचे पाणी पोहोचत नाही तेथे शेतकऱ्यास स्वतःच्या खर्चाने दूरवरून पाईपलाईन आणावी लागते. ही पाईपलाईन पुष्कळदा कर्ज काढून केलेली असते. ती जमिनीखाली गाडल्यावर कोठे गळू लागली, तर दोष शोधण्यासाठी उभ्या पिकातून चर खणावा लागतो. तोपर्यंत पाणी मुरुमात जिरते, मोटार व्यर्थ चालते आणि पीक तहानलेले राहते. म्हणून चर बुजविण्यापूर्वी पाईपलाईनची दाबचाचणी घेणे अगत्याचे आहे.

ही चाचणी पाण्यानेच घ्यावी, हवेने कदापि घेऊ नये. टंचाईच्या गावात हा नियम सांगावयास सोपा व पाळावयास कठीण आहे. पाणी मोलाचे असते आणि पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसर सहज मिळतो. त्यामुळे “हवा भरून पाहिले म्हणजे झाले” असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. तथापि त्या विचारात जीवघेणा धोका आहे. तो का, हे प्रथम समजून घेणे जरूर आहे.

पाणी आणि हवा यांतील भेद

पाणी दाबले तरी ते फारसे दबत नाही. १,००० लिटर पाण्यावर दर चौरस सेंटिमीटरला १० किलोग्रॅम इतका दाब दिला, तर त्याचे आकारमान केवळ अर्ध्या लिटरच्या आसपास कमी होते. हवेचे तसे नाही. त्याच टाकीत तितक्याच दाबाची हवा भरावयाची झाल्यास बाहेरची सुमारे १०,००० लिटर हवा आत कोंबावी लागते. दाबलेली स्प्रिंग ज्याप्रमाणे सुटण्याची वाट पाहत असते, त्याप्रमाणे ही हवा प्रसरण पावण्याची वाट पाहत असते.

टाकी फुटल्यास काय घडेल याचा हिशेब करता येतो. वरील दाबाच्या १,००० लिटर पाण्यात साठलेली शक्ती ५० किलोंचे पोते सुमारे अर्धा मीटर उचलण्याइतकी असते. तितक्याच जागेतील हवेत साठलेली शक्ती १० टनांचा भरलेला ट्रक १३ ते १४ मीटर उंच उचलण्याइतकी असते. म्हणजे हवेतील शक्ती पाण्यातील शक्तीच्या कित्येक हजारपट भरते. पाण्याने भरलेल्या पाईपास चीर गेली की थोडे पाणी बाहेर उडते व दाब क्षणात शून्यावर येतो. हवेने भरलेला पाईप फुटला की त्याचे तुकडे गोळीसारखे चोहीकडे फेकले जातात. पी.व्ही.सी. पाईप फुटताना तर त्याचे धारदार तुकडे होतात. म्हणून पाण्याने घेतलेली चाचणी दोष दाखविते आणि हवेने घेतलेली चाचणी दोषाबरोबर माणसाचाही बळी घेऊ शकते.

यावरून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते. पाईपात पाणी भरले, पण मध्ये हवा अडकून राहिली, तर ती चाचणी नावाला पाण्याची व प्रत्यक्षात काही अंशी हवेची होते. म्हणून हवा पूर्णपणे काढणे हा या कामाचा आत्मा आहे.

कायद्यामागील अनुभव

पाण्याने दाबचाचणी घेण्याची रीत शेतीत नवीन वाटली, तरी कारखान्यांत ती फार जुनी आहे. १८६३ साली कलकत्ता येथे वाफेच्या बॉयलरचा मोठा स्फोट होऊन अनेकांचे प्राण गेले. त्यानंतर १८६४ मध्ये बंगालच्या विधिमंडळात बॉयलरची तपासणी करण्यासाठी विधेयक आणण्यात आले. पुढे सर्व प्रांतांस एकच नियम असावा म्हणून १९२३ चा बॉयलर कायदा झाला. त्याची जागा आता २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली आहे. सहकारी साखर कारखानदारीचा पाया अहिल्यानगर जिल्ह्यातच लोणी येथे १९५० च्या सुमारास घातला गेला. साखर कारखान्यातील बॉयलर शासनाच्या तपासणीवाचून चालविता येत नाही, आणि पाण्याने घ्यावयाची दाबचाचणी हा त्या तपासणीचा एक भाग आहे.

घरातील स्वयंपाकाच्या गॅसची टाकीही ठराविक काळाने याच चाचणीतून जाते. टाकीच्या वरच्या कड्याला जोडणाऱ्या पट्टीवर आतल्या बाजूस एक इंग्रजी अक्षर व वर्षाचा आकडा रंगविलेला असतो. ‘ए’ म्हणजे जानेवारी ते मार्च, ‘बी’ म्हणजे एप्रिल ते जून, ‘सी’ म्हणजे जुलै ते सप्टेंबर व ‘डी’ म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढील चाचणी केव्हा करणे आवश्यक आहे, हे त्यावरून कळते. ती मुदत उलटून गेलेली टाकी घेऊ नये, हेही ग्रामसेवकाने गावातील भगिनींस समजावून सांगावे.

किती दाब द्यावा

पाण्याचा १० मीटर उंच स्तंभ तळाशी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम दाब देतो. हा एक आकडा ध्यानात ठेवला की पुढील सर्व हिशेब करता येतो. या लेखात सोयीसाठी त्यास ‘१ किलो दाब’ असे म्हटले आहे.

समजा, विहिरीच्या काठावरील पंपापासून ३०० मीटर अंतरावर एक हौद आहे व तो पंपापेक्षा २४ मीटर उंचीवर आहे. पाईपातील घर्षणामुळे आणखी ६ मीटर उंचीइतका दाब खर्च होतो असे धरू. मग पंपाजवळ एकूण ३० मीटर, म्हणजे ३ किलो दाब येईल. हा झाला नित्याचा कामाचा दाब. चाचणीचा दाब सामान्यतः कामाच्या दाबाच्या दीडपट घेतात. म्हणजे येथे तो ४.५ किलो होईल.

पी.व्ही.सी. पाईप २.५, ४, ६, ८, १० व १२.५ किलो अशा वर्गांत मिळतात. हा वर्ग पाईपावर छापलेला असतो. वरील उदाहरणात कामाचा दाब ३ किलो असल्याने ४ किलोचा पाईप पुरेल असे कोणासही वाटेल. परंतु चाचणीचा दाबच ४.५ किलो आहे. शिवाय वीज एकाएकी गेली अथवा व्हॉल्व्ह झटकन बंद केला, तर धावते पाणी अडून पाईपात धक्का बसतो व दाब क्षणभर पुष्कळ वाढतो. म्हणून येथे ६ किलोचा पाईप घेणे शहाणपणाचे ठरते. चाचणीचा दाब पाईपाच्या वर्गापेक्षा अधिक होऊ देऊ नये.

पाईपाचा वर्ग २७ अंश सेल्सिअस तापमानासाठी ठरविलेला असतो. पाईप तापला की त्याची ताकद कमी होते. वैशाखातील उन्हात उघडा पडलेला पाईप हातास चटका देतो. अशा पाईपास पूर्ण दाब देणे धोक्याचे आहे. म्हणून चाचणी सकाळच्या थंड वेळी घ्यावी.

गेज कोठे बसवावा

दाब दाखविणारा गेज नेहमी लाईनच्या सर्वांत खोल ठिकाणी बसवावा. ह्या साध्या गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यास मोठी चूक घडते. वरील उदाहरणात गेज चुकून वरच्या टोकास, हौदाजवळ, बसविला व तेथे ४.५ किलो दाब होईपर्यंत पाणी भरले असे समजा. खालच्या टोकास २४ मीटर पाण्याच्या वजनामुळे आणखी २.४ किलो दाब असणार. म्हणजे तेथे प्रत्यक्ष दाब ६.९ किलो होईल व ६ किलोचा पाईप आपल्या मर्यादेपलीकडे ताणला जाईल. वर बसलेल्या माणसास मात्र सर्व काही ठीक दिसेल.

गेज असा निवडावा की चाचणीचा दाब त्याच्या तबकडीच्या मध्यभागाच्या आसपास यावा. ४.५ किलोच्या चाचणीस १० किलोचा गेज योग्य होय. २५ किलोच्या गेजवर लहान फरक दिसत नाही. शक्य असल्यास दोन गेज बसवावेत. दोहोंचे आकडे जुळले म्हणजे मन निःशंक होते.

पूर्वतयारी

१. सोल्युशन लावून जोडलेले सांधे निदान २४ तास तसेच राहू द्यावेत. सांधा वरून वाळलेला दिसला तरी आतून ओला असतो.

२. पाईपाच्या मधल्या भागावर माती टाकून तो दाबून ठेवावा. सांधे, बेंड व टी मात्र उघडे ठेवावेत, म्हणजे गळती डोळ्यांनी दिसेल. पाईपाखाली व भोवती टोकदार दगड नसावेत, मऊ माती असावी.

३. बेंड, टी व बंद टोके यांना काँक्रीटचा आधार द्यावा व काँक्रीट पुरेसे घट्ट होईपर्यंत थांबावे. या आधाराचे महत्त्व आकड्यांवरून कळते. ९० मिलिमीटर पाईपाच्या बंद टोकावर ४.५ किलो दाबाने सुमारे २८५ किलोग्रॅमचा रेटा येतो. ज्वारीची जवळजवळ तीन क्विंटलची रास ते टोक बाहेर ढकलीत आहे असे समजावे. काटकोनातील बेंडवर हा रेटा ४०० किलोग्रॅमपर्यंत जातो. दोन विटा व थोडी माती यांनी तो थोपत नाही.

४. लाईनच्या प्रत्येक उंच ठिकाणी हवा सोडण्याचा व्हॉल्व्ह असावा. लाईन चढउताराची असेल, तर प्रत्येक चढाच्या माथ्यावर तो लागतो.

५. दाब देण्यासाठी हातपंप वापरावा. या कामाचे हातपंप पाईपलाईनचे काम करणाऱ्या मिस्त्रीकडे असतात. विहिरीवरील मोटार केवळ पाणी भरण्यास वापरावी, दाब देण्यास वापरू नये. मोटारीने दाब इतक्या झपाट्याने चढतो की गेजकडे पाहून ती बंद करीपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

६. हातपंपाजवळ दाब ठराविक मर्यादेपलीकडे गेल्यास आपोआप पाणी सोडणारा सुरक्षा व्हॉल्व्ह लावावा.

प्रत्यक्ष चाचणी

पाणी भरणे : पाणी खालच्या टोकाकडून हळूहळू भरावे व वरचे सर्व हवेचे व्हॉल्व्ह उघडे ठेवावेत. पाणी वर चढत जाते व हवा पुढे ढकलली जाते. वरून पाणी सोडल्यास हवा मध्येच कोंडते. ९० मिलिमीटर पाईपाच्या दर मीटरात सुमारे साडेपाच लिटर पाणी मावते. म्हणजे ३०० मीटर लाईनीस सुमारे १,६६० लिटर पाणी लागेल. ते भरण्यास निदान १७ मिनिटे घ्यावीत. वरच्या व्हॉल्व्हमधून फुरफुर थांबून अखंड धार येऊ लागली म्हणजे तो बंद करावा. त्यानंतर लाईन रात्रभर भरलेली ठेवणे उत्तम. राहिलेले बुडबुडे माथ्यावर गोळा होतात व सकाळी पुन्हा सोडता येतात.

हवा राहिली का, हे ओळखणे : हातपंपाने दाब देताना किती पाण्याने किती दाब चढतो हे पाहावे. हवा पूर्ण गेलेली असल्यास दर लिटर पाण्यामागे दाब जवळजवळ सारखा वाढत जातो. प्रथम पुष्कळ पाणी जाऊनही काटा मंद हलतो व पुढे एकाएकी वेगाने चढू लागतो, असे दिसल्यास आत हवा आहे असे निश्चित समजावे. अशा वेळी चाचणी थांबवून दाब उतरवावा व हवा काढून पुन्हा आरंभ करावा.

दाब चढविणे : दाब एकदम चढवू नये. प्रथम निम्मा दाब द्यावा, दहा मिनिटे थांबावे व दुरून पाहणी करावी. नंतर पाऊण दाब द्यावा व पुन्हा थांबावे. शेवटी पूर्ण दाब द्यावा. दाब चढत असताना कोणीही चरात उतरू नये. बंद टोकाच्या समोर व बेंडच्या रेट्याच्या दिशेस कोणी उभे राहू नये. लहान मुले व गुरे दूर ठेवावीत. हातपंप व गेज लाईनपासून काही अंतरावर, बाजूस ठेवावा.

दाब टिकवून पाहणे : पी.व्ही.सी. पाईप दाबाखाली थोडा फुगतो. त्यामुळे आरंभी काटा किंचित खाली येतो. तेवढ्यावरून गळती आहे असे मानू नये. थोडे पाणी देऊन दाब पुन्हा पूर्ण करावा व काटा स्थिर झाल्यावर निदान एक तास पाहावे. ऊन चढले की पाणी तापून दाब वाढतो व सावली आली की उतरतो, हेही ध्यानात ठेवावे. काटा सतत उतरतच राहिला, तर गळती आहे.

जवळून तपासणी : सांधे जवळून पाहण्यापूर्वी दाब कामाच्या दाबाइतका खाली आणावा. वरील उदाहरणात तो ३ किलोवर आणावा. मगच चराच्या कडेने जाऊन प्रत्येक सांध्याभोवती ओल आहे का ते पाहावे. दाब असताना बोल्ट आवळणे, सांध्यावर ठोकणे अथवा चिंधी गुंडाळणे हे अपघातास आमंत्रण होय. दुरुस्ती करावयाची तर दाब शून्यावर आणूनच करावी व नंतर पुन्हा पूर्ण चाचणी घ्यावी.

दाब उतरविणे : दाब हळूहळू उतरवावा. पाणी काढण्यापूर्वी वरचे हवेचे व्हॉल्व्ह उघडावेत. ते बंद राहिले तर पाणी खाली जाताना आत पोकळी निर्माण होते व बाहेरच्या हवेच्या दाबाने पातळ पाईप चेपू शकतो.

पाण्याचा प्रश्न

टंचाईच्या गावात १,६६० लिटर पाणी ‘फुकट’ घालविणे कोणासही आवडणार नाही. परंतु चाचणीत पाणी खर्च होत नाही, ते फक्त काही काळ पाईपात थांबते. लाईन लांब असल्यास तिचे भाग पाडावेत. पहिल्या भागातील पाणी पुढच्या भागात घ्यावे व शेवटी हौदात किंवा फळझाडांच्या आळ्यांत सोडावे. चरात मात्र सोडू नये, कारण ओल्या चरात गळती ओळखू येत नाही व पाईपाखालची माती खचते. चाचणीची तारीख पाळी देण्याच्या दिवसाशी जुळवून घेतली, तर पाण्याचा एक थेंबही वाया जात नाही. याउलट, न तपासलेल्या लाईनीतील एक लहानशी गळती हंगामभर याच्या कित्येक पटीने पाणी जमिनीत मुरविते.

टाक्या व फवारणी यंत्रे

लोखंडी टाक्यांच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी. हवेच्या कॉम्प्रेसरच्या टाकीत दमट हवेतील पाणी साचून ती आतून गंजते. बाहेरून रंग चकचकीत असला तरी आतील पत्रा झिजलेला असू शकतो. म्हणून तळाचा नळ रोज उघडून साचलेले पाणी काढावे. अशी टाकी गळू लागल्यास तिला गावातच डाग देऊन पुन्हा हवा भरण्याची प्रथा अत्यंत घातक आहे. तिची पाण्याने चाचणी जाणकार व अधिकृत व्यक्तीकडूनच करवून घ्यावी. मोठी टाकी पाण्याने भरताना तिच्या पायांवर येणारे वजनही मोजावे. १,००० लिटर पाणी म्हणजे एक टन भार होय. हवेसाठी केलेले हलके पाय तो सहन करतीलच असे नाही.

हवा भरून चालणाऱ्या हातफवारणी यंत्रात प्रथम साधे पाणी भरून, नेहमीच्याच दाबाने झाकण, नळी व नोझल यांची गळती पाहावी. औषध भरल्यानंतर गळती शोधणे म्हणजे विष अंगावर घेणे होय. निर्मात्याने सांगितलेल्यापेक्षा अधिक दाब कधीही देऊ नये. बॉयलरला मात्र गावातील कोणीही हात लावू नये. ते काम शासकीय निरीक्षकाचे आहे.

नोंद ठेवणे

चाचणीनंतर ग्रामसेवकाने अथवा शेतकऱ्याने पुढील गोष्टी वहीत लिहून ठेवाव्यात :

तारीख व वेळ, पाईपाचा व्यास, वर्ग व लांबी, गेज कोठे होता, कामाचा दाब व चाचणीचा दाब, दाब किती वेळ ठेवला, आरंभीचा व शेवटचा आकडा, कोणते सांधे गळाले व कसे दुरुस्त केले, मिस्त्रीची सही.

या नोंदीबरोबर लाईनचा एक साधा नकाशाही काढावा व त्यात प्रत्येक बेंड आणि व्हॉल्व्ह बांधापासून किती पावलांवर आहे ते लिहावे. पुढे दहा वर्षांनी दुरुस्तीची वेळ आली, तर हीच वही उपयोगी पडेल. मिस्त्रीचे शेवटचे पैसे चाचणी पूर्ण झाल्यावर द्यावयाचे, असे आरंभीच ठरवून घेतल्यास दोन्ही पक्षांस कामाची गोडी राहते व वादही टळतात.

सारांश

पाणी भरा खालून व हवा काढा वरून. गेज ठेवा तळाशी व माणसे ठेवा बाजूस. दाब चढवा टप्प्याटप्प्याने व दुरुस्ती करा दाब उतरवून. आणि हवेने चाचणी कधीही घेऊ नका. एवढे नियम पाळल्यास एका सकाळच्या कामात पाईपलाईनची खात्री पटते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील पहिल्या नव्या पाईपलाईनीवर अशी चाचणी सर्वांसमक्ष घडवून आणावी. ती पाहण्यास मिस्त्री व कॉम्प्रेसरवाले यांनाही अगत्याने बोलवावे. शेतकऱ्यास लाईन टाकून देण्याचे व “हवा भरून पाहू” असे सुचविण्याचे काम त्यांच्याकडूनच होत असते. त्यांना पाणी व हवा यांतील भेद पटला, म्हणजे गावातील पुढच्या प्रत्येक लाईनीवर तो आपोआप पाळला जाईल.